डाव्या करंगळीची शाई

प्रशिक्षणाला बसलेले शिक्षक वर्गातल्या पोरांपेक्षा वाईट असतात, हे मी स्वतः शिक्षिका असून सांगते. मागच्या विधानसभेची ड्यूटी लागली होती. सभागृहात पंखे कमी, माणसं जास्त. पुढे एक साहेब माईकवर मतदान केंद्राचे नियम वाचत होते आणि मागे आमच्यातलं कोणी शेंगदाणे खात होतं, कोणी मोबाईलवर भाचीसाठी स्थळं बघत होतं. मी महापालिकेच्या शाळेत शिकवते. निवडणूक आली की खडू बाजूला ठेवून आम्हाला हे काम करावं लागतं, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडतं.

साहेब शाईच्या नियमावर आले. शाई डाव्या हाताच्या तर्जनीला लावायची. तर्जनी नसेल तर डाव्याच हाताच्या दुसऱ्या कुठल्याही बोटाला. डाव्या हाताला एकही बोट नसेल तर उजव्या हाताच्या तर्जनीला. तीही नसेल तर उजव्याच्या दुसऱ्या बोटाला, आणि दोन्ही हातांना बोटंच नसतील तर हात जेवढा उरला असेल त्याच्या टोकाला. साहेब असं एकेक बोट कमी करत चालले तसं सभागृह खुसखुसायला लागलं. मागून कोणीतरी ओरडलं, "साहेब, एवढं सगळं गेल्यावर तो मतदानाला कशाला येतोय?" मग सगळेच हसले. साहेबही हसले.

माझं डोकं फिरलं. मी उभी राहिले आणि माईकबिईक नसताना सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "चाकणच्या बाजूला ड्यूटी लागली आहे ना आपली? मग येतील. प्रेस शॉपमधली माणसं येतील. काय हसायचं ते इथंच हसून घ्या, तिथं हसू नका." हसणं थांबलं. शेजारच्या बाईंनी माझा पदर ओढला, "अगं बस, किती चिडतेस!" मी बसले. त्या वेळी घरी माझा धाकटा भाऊ होता, आणि त्याच्या डाव्या हाताला अंगठा आणि करंगळी एवढंच उरलं होतं.

प्रेस म्हणजे पत्रा दाबून गाड्यांचे सुटे भाग काढणारं मशीन. आमच्या या पट्ट्यात, पिंपरीपासून चाकणपर्यंत, अशी मशीनं किती असतील ते देवालाच माहीत. हात आत असेल तर मशीन थांबवणारा एक सेन्सर असतो. भाऊ ज्या छोट्या कंपनीत होता तिथं ऑर्डरची घाई होती म्हणून तो बंद ठेवला होता. सेकंड शिफ्ट होती. मधली तीन बोटं गेली. याच्यावर मी जास्त लिहिणार नाही, लिहायला बसले की पेन फेकून द्यावंसं वाटतं.

अपघाताच्या आधीचा भाऊ तुम्ही बघायला हवा होता. आमच्या घरातला पुढारी तो. वडील मराठवाड्यातून इकडं कारखान्यात आले, आम्ही इथंच वाढलो, आणि पुनावळे नुसतं गाव होतं तेव्हा वडिलांनी तिथं दोन खोल्या बांधल्या. आता चहूबाजूंनी टॉवर झालेत आणि आमच्या खोल्यांना दुपारनंतर ऊन मिळत नाही. त्या टॉवरच्या तोंडाशी एक चहाची टपरी आहे. तिथं भाऊ कामावरून आला की उभा राहायचा आणि अख्खी टपरी त्याचं ऐकायची. पक्ष कुठलाच नाही. जो निवडून आला असेल त्याच्या विरोधात, हा त्याचा पक्ष. डावा हात समोर धरायचा आणि उजव्या हातानं एकेक बोट दुमडत जायचा. "टँकर किती दिवस प्यायचा? एक. रस्ता कधी होणार? दोन. कंत्राटी माणूस पर्मनंट कधी होणार, ते सांगा राव, तीन." शेवटी मूठ व्हायची, ती मूठ टपरीच्या फळीवर आपटायची, आणि चहावाला म्हणायचा, "भावा, कप सांभाळ." मतदानाच्या दिवशी तर हा आधी स्वतः जाऊन यायचा, आणि मग शाई लावलेलं बोट नाचवत घरोघरी, "काय काकू, अजून अंघोळच चाललीये का?"

अपघातानंतर कंपनीनं त्याला गेटवर बसवलं. उपकारच की! आल्यागेल्याची नोंद करायची, गाड्यांचा बांबू वर-खाली करायचा, एका हाताचं काम. डावा हात तेव्हापासून पँटच्या खिशात गेला तो गेला. जेवताना खिशात, टीव्ही बघताना खिशात. आई घरी शिवणकाम करते. त्याच्या प्रत्येक पँटचा डावा खिसा उसवायचा आणि ती काही न बोलता जाड दोऱ्यानं शिवून द्यायची. टपरीवर लोक विचारायचे, "काय राव, यंदा कोण येणार?" तर म्हणायचा, "कोणीही येऊ दे." लोकसभेला त्यानं मतदान केलं नाही. शिफ्ट आहे म्हणाला. सुट्टी होती हो त्या दिवशी! दिवसभर भिंतीकडं तोंड करून पडून होता. मी आरडाओरडा केला. आई म्हणाली, "नको बोलूस त्याला. हात पुढं करावा लागतो तिथं. चार लोकांत."

ते माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मी वस्त्यावस्त्यांत जाऊन लोकांना मतदान शिकवणारी बाई, आणि घरातला एक माणूस नुसता हात पुढं करायचा म्हणून मतदानाला जात नाही, हे मला आईनं सांगावं लागलं.

विधानसभेच्या आधी पुन्हा आमच्या फेऱ्या सुरू झाल्या. कामगारांच्या वस्तीत संध्याकाळी जायचं, शिफ्ट सुटलेली माणसं आणि भाकरी थापायला उठायच्या बेतात असलेल्या बायका गोळा करायच्या. मी पुठ्ठ्याचं एक मतदान यंत्र बनवलं होतं. बटण दाबलं की आवाज मीच तोंडानं काढायची, लांबलचक. पोरं फिदीफिदी हसायची. पण माणसांचे प्रश्न हसण्यासारखे नसायचे. गावाकडच्या यादीत नाव आहे, इथं चालेल का? चालत नाही, एकाच ठिकाणी ठेवा. बटण कोणतं दाबलं ते सुपरवायझरला कळतं का? कोणालाच कळत नाही, तुमच्या नवऱ्यालासुद्धा नाही. हे ऐकून बायका खूश व्हायच्या. एक बाई सगळे गेल्यावर मागं थांबली आणि हळूच म्हणाली, "मॅडम, उमेदवाराच्या माणसांनी आमच्याकडून भंडारा उचलून शपथ घेतलीय, त्यांनाच देणार म्हणून. आता दुसऱ्याला दिलं तर देव कोपंल का?" मी म्हटलं, "देवाला मशीनच्या आतलं दिसत असेल तर तुझी अडचणही दिसत असेल. आणि देवाच्या नावानं दुसऱ्याला धाक घालणाऱ्याला पाप लागत नाही का, ते आधी विचार त्यांना." ती हसली नाही. कपाळावरचा घाम पुसला आणि म्हणाली, "बरं झालं विचारलं." त्या बाईनं पुढं काय केलं ते मला माहीत नाही, आणि माहीत नसणं हेच बरोबर आहे.

एक दिवस भाऊ कामावरून आला तो चप्पल न काढताच दारात बसला. कंपनीत फर्मान निघालं होतं. मतदानाची पगारी सुट्टी मिळणार, पण लोक सुट्टी घेतात आणि लोणावळ्याला फिरायला जातात, असं मालकाचं म्हणणं. म्हणून दुसऱ्या दिवशी गेटवर प्रत्येकाच्या बोटाची शाई बघायची. शाई नसेल त्याचं नाव आत कळवायचं. असला काही कायदा नाही, पण गेटच्या आत मालक म्हणेल तो कायदा. आणि गेटवर कोण? आमचे बंधुराज.

"ताई, मी लोकांची बोटं तपासत बसू?" तो म्हणाला. "सगळ्यांनी माझ्यापुढं बोट धरायचं, आणि मी खिशात हात घालून बघायचं?"

मी त्याच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला. मग तोच म्हणाला, "आणि कोणी म्हणालं, तुझं दाखव, तर?"

"तर दाखव," मी म्हटलं. "मतदान कर आणि दाखव. करंगळी आहे ना? मग करंगळीला लावतील. नियमच आहे तसा. मी प्रशिक्षणात ऐकून आलेय, साहेबांनी वाचून दाखवला." हसण्याचं मी सांगितलं नाही.

तो हो म्हणाला नाही. पण नाही असंही म्हणाला नाही. अपघातापासून इतका वेळ त्यानं या विषयावर तोंड उघडलं नव्हतं. मला तर एवढ्यानंच उभारी आली. कारण माझ्या लेखी प्रश्न एका मताचा नव्हताच. तो हात एकदा चार लोकांत त्या खिशातून बाहेर आला, तर त्याच्यामागून माझा भाऊही बाहेर येईल, असं मला वाटत होतं.

रविवारी दुपारी आईनं शिलाई मशीनवरचे कपडे उचलले आणि म्हणाली, "चला, इथंच मतदान करू." मला वाटलं, हिला काय झालं! ती मशीनच्या एका बाजूला चष्मा लावून बसली आणि तिनं मोठ्यानं हाक मारावी तसं विचारलं, "काय हो, नाव काय तुमचं? पावती आणलाव का?" भाऊ हसला. किती दिवसांनी हसला! त्यानं खोटं खोटं ओळखपत्र दाखवलं. मग मी शाईवाली झाले. आईची काजळाची डबी आणि आगपेटीची एक काडी. मी म्हटलं, "डावा हात."

त्यानं हात बाहेर काढला आणि मशीनच्या फळीवर उपडा ठेवला. दिवसाउजेडी, असा सपाट ठेवलेला तो हात आम्ही दोघींनी पहिल्यांदा बघितला. मी काडी काजळात बुडवून करंगळीच्या नखावरून खाली ओढली. तो बघत राहिला. मग उजव्या हातानं करंगळी दुमडली, "टँकर. एक." अंगठा दुमडला, "कंत्राट. दोन." आणि माझ्याकडं बघून म्हणाला, "आता दोनच मुद्द्यांवर लढायचं बघ, ताई." आम्ही तिघं हसलो. आई हसता हसता उठली, मोरीत गेली आणि नळ सोडून भांडी घासायला लागली. भांडी सगळी घासलेलीच होती.

मतदानाच्या दिवशी माझी ड्यूटी चाकणजवळ निघोज्याच्या एका शाळेत होती, आणि काम शाईचंच. सकाळी गावातल्या म्हाताऱ्या आधी आल्या. एक आजी म्हणाली, "बाई, जरा बेतानं लाव. मागल्या टायमाला माझं नख म्हयनाभर काळं व्हतं, सुनंला वाटलं दारात चेंगरलं." मी म्हटलं, आजी, लावावी तर लागणारच. "लाव की मग. मी कुठं न्हाई म्हन्ते?" उन्हं वर आली तशी कंपन्यांतली माणसं यायला लागली. एक माझ्या भावाहून मोठा गृहस्थ समोर आला आणि त्यानं उजवा हात पुढं केला. डावा खिशात. मला त्या खिशावरूनच कळलं.

"दादा, डावा लागतो," मी हळू म्हटलं.

"उजव्यालाच लावा की, मॅडम."

"डाव्याला एक जरी बोट असेल तरी डावाच लागतो."

मागं रांग थांबली होती. त्यानं एकदा मागं बघितलं आणि हात काढला. तर्जनी आणि मधलं बोट पेरापासून नव्हतं. मी त्याचं मनगट माझ्या डाव्या हातात धरलं आणि उरलेल्यांपैकी एका बोटाला सावकाश शाई लावली, सगळ्यांना लावत होते तशीच. तो म्हणाला, "बायको सोडून कोणी धरला नव्हता हा हात," आणि स्वतःच लाजला. मागचे दोघं-तिघं हसले. चांगलं हसले. तो आत गेला, मशीनचा आवाज झाला, आणि बाहेर पडताना त्यानं हात खिशात घातला नाही. मी दारापर्यंत त्याच्याकडं बघत राहिले. पुढचा माणूस म्हणाला, "मॅडम, माझं बोट." दिवसभर माझा जीव पुनावळ्यात होता. तिकडंही या वेळी कोणीतरी त्याचा हात असाच धरला असेल, असं मी मनात म्हणत होते.

सामान जमा करून घरी पोचले तेव्हा सगळे झोपले होते, आणि सकाळी मी उठायच्या आत भाऊ पहिल्या शिफ्टला गेला होता. आई चहा घेऊन आली ती हसतच. "दिलं बाई त्यानं! माझ्यासंगंच आला. मी बायकांच्या रांगेतून आधी सुटले आणि झाडाखाली बसले. थोड्या वेळानं आला. इचारलं, झालं का रं? म्हणला, झालं." तिनं काल घरी आल्यावर त्याला साखर भरवली होती. शिरा करणार होती, पण रवा संपला होता. "हात बघितलास का?" मी विचारलं. "खिशात होता," आई म्हणाली. "सवय हाय ती. जाईल हळूहळू." मीही तेच म्हणाले. दुपारी शाळेतून येताना रवा आणला.

शिरा झाकून ठेवलेला होता तेव्हा तो आला. बूट काढले, पाणी प्यायला, आणि शिलाई मशीनच्या फळीवर हात ठेवला. आपण होऊन. मी वाकून बघितलं. करंगळी कोरी होती.

"पुसलीस का रे?" मी विचारलं. किती मूर्खासारखा प्रश्न. शाई कुठं पुसली जाते?

"लावलीच नाही, ताई."

मग त्यानं सांगितलं. रांगेत तो शेवटपर्यंत हात खिशात ठेवून होता, पण शाईच्या टेबलापाशी त्यानं हात काढला आणि टेबलावर ठेवला, घरी ठेवला होता तसा. शाई लावणाऱ्या माणसानं हाताकडं बघितलं आणि चटकन नजर काढून घेतली. "राहू द्या, राहू द्या," म्हणाला. "जावा भाऊ, तुम्ही आत जावा." भाऊ हलला नाही. त्याला वाटलं, थोडा वेळ असाच धरला तर लावतील. करंगळी जरा पुढंही केली. तो माणूस म्हणाला, "अहो राहू द्या, कशाला तुम्हाला त्रास," आणि मागच्या माणसाला पुढं बोलावलं.

"तू बोललास का नाही? नियम आहे! लावायलाच लागते, बोलायचं नाही का तोंडानं?" मी ओरडले. माझा राग कुठं जावा तेच कळत नव्हतं. कोण होता, कुठल्या टेबलावर होता, मी नाव काढते, मी तक्रार करते, असं काय काय बोलत सुटले.

"नको," तो म्हणाला. "चांगला माणूस होता गं. आवाजात माया होती. वाईट बोलला असता तर मी भांडलो असतो."

मी स्वतः अपंगांच्या रांगा पुढं घेणारी, म्हाताऱ्यांना खुर्ची देणारी. त्या माणसाला काय वाटलं असेल ते मला दिसत होतं, आणि तरी त्याचे हात धरून त्याला हलवावं, असं वाटत होतं. बाबा रे, माझा भाऊ काय तुझ्याकडं दया मागायला आला होता का? त्याचा हात बघवला नाही तर नको बघूस, पण लाव ना शाई. सगळ्यांना लावलीस ना?

गेटवर काय झालं ते त्यानं सगळ्यात शेवटी सांगितलं. सकाळी माणसं यायला लागली. प्रत्येक जण बोट पुढं करायचा, हा बघायचा, जा म्हणायचा. कोणीतरी गमतीनं म्हणालं, "आमचं बघतोयस, तुझं दाखव की, भावा." वाईट हेतूनं नाही, आधी हा टपरीवर बोलायचा तसंच बोललं कोणी. आणि यानं हात काढला. सगळ्यांसमोर. "दिलंय मी मत," असं म्हणत काढला. कंपनीत अपघातानंतर त्यानं तो हात पहिल्यांदा काढला, आणि त्याच्यावर काहीच नव्हतं.

"मग?"

"मग सगळे दुसरीकडं बघायला लागले. एक जण म्हणाला, राहू दे रे त्याला. सुपरवायझरला मी सांगायला गेलो, साहेब, मत दिलंय पण शाई नाही, माझं नाव कळवायचं का? ते म्हणाले, तुझं कसलं कळवतोस, तुला कोण विचारतंय." मग माझ्याकडं बघून म्हणाला, "खरंय ना ताई. कोण विचारतंय?"

आई चुलीपाशी, म्हणजे गॅसपाशी उभी होती. तिनं शिऱ्याचं भांडं उचललं आणि परत ठेवलं.

माझ्या बोटांच्या टोकांना कालच्या शाईचे डाग होते. दिवसभर बाटली हाताळली की ते पडतातच. भावाची नजर त्यांच्यावर गेली आणि तो अगदी लहानपणी पेन्सिल मागायचा तशा आवाजात म्हणाला, "तुझ्याकडं बाटली असेल ना थोडी? तू लाव."

"जमा करावी लागते रे," मी म्हटलं. "सगळं सामान परत जातं."

"हां," तो म्हणाला. "बरोबर."

आई आत गेली आणि काजळाची डबी घेऊन आली. आगपेटीची काडीही आणली होती. डबीचं झाकण तिला उघडेना. भावानं उजव्या हातानं ती डबी तिच्या हातातून घेतली आणि मशीनवर ठेवून दिली. "नको, आई. ते निघून जातं." मग डावा हात फळीवरून उचलला आणि खिशात घातला. शिरा त्यानं खाल्ला, दोनदा मागून घेतला. चांगला झालाय म्हणाला.

नंतर पालिकेची निवडणूक आली. मी वस्त्यांत पुठ्ठ्याचं मशीन घेऊन फिरले, तोंडानं आवाज काढला, लोकांच्या प्रश्नांना उत्तरं दिली. शाईचं सांगताना मी आता थांबते आणि जोरात सांगते, कोणी राहू द्या म्हणालं तर राहू द्यायचं नाही, लावून घ्यायची, भांडून लावून घ्यायची. लोकांना कळत नाही ही बाई एवढ्याशा गोष्टीवर का चिडते. या वेळी माझी ड्यूटी लागली नव्हती, म्हणून सकाळी मी आणि आई आवरून निघालो. मी त्याला चल म्हटलं. ओरडले नाही, नुसतं चल म्हटलं. तो म्हणाला, "तुम्ही या जाऊन. मी कुकर लावतो."

आम्ही परत आलो तेव्हा वरण-भात तयार होता. पानं घेतली होती, एका हातानं पापडही भाजले होते. "गर्दी होती का?" त्यानं विचारलं. होती, म्हटलं. तो वाढत होता तेव्हा माझं लक्ष आईकडं गेलं. तिनं आपला शाई लावलेला डावा हात पदराखाली घेतला होता, आणि जेवण संपेपर्यंत तिनं तो बाहेर काढला नाही.